आतून कडी असलेली खोली

घराच्या आखणीच्या, लाइनआउटच्या दिवशी माझे सासरे रिकाम्या प्लॉटवर बाज घेऊन आले. घर अजून जमिनीवरच्या पांढऱ्या फक्कीच्या रेघांपुरतंच होतं. मिस्त्रीने सकाळी सात वाजता येऊन दोऱ्या ताणल्या होत्या, फक्की टाकली होती आणि हा हॉल, हे स्वयंपाकघर, ही एक खोली, ही दुसरी, ही तिसरी, असं हाताने दाखवून तो बाजूला तंबाखू मळत उभा होता. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, बाज पहिल्या चौकोनात टेकवली, तिच्यावर आडवे झाले, दोन्ही हात पसरले आणि आभाळाकडे बघत म्हणाले, "लहान हाय."

मग बाज दुसऱ्या चौकोनात गेली. "हे बी लहान हाय."

मिस्त्रीने समजावलं, की मोकळ्या जागेवर आखलेली खोली नेहमीच लहान दिसते. "भिती उभ्या झाल्या का मंग बराबर दिसते, काका." हे त्याने त्या सकाळी तीनदा सांगितलं. मामाजींनी तिन्ही वेळा मान हलवली आणि तिन्ही वेळा पायाने रेघ पुसून हातभर पलीकडे सरकवली. चौथ्यांदा बाज उचलली तेव्हा मी पुढे झाले, कारण आता पाळी माझ्या चौकोनाची होती.

माझा चौकोन दहा बाय दहाचा होता. सगळ्या घरात मी मागितलेली तेवढी एकच गोष्ट. ती का मागितली हे कळायला आमचं जुनं घर माहीत असायला हवं.

जुनं घर मातीच्या भिंतींचं, वर टिनं. खोल्या पाच, पण एकामागे एक. रस्त्यावरून शिरलं की पहिली, पहिलीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, असं करत शेवटी स्वयंपाकघर. बाजूने जायला वाटच नाही. कुणाला घोटभर पाणी प्यायचं असलं तरी तो सगळ्यांच्या खोल्या ओलांडून जाणार. मधल्या दारांना पडदे, तेही अर्धे. लग्न होऊन आले तेव्हा मला तिसरी खोली मिळाली. तेवीस वर्षं मी त्या खोलीत राहिले असं म्हणायची पद्धत आहे, पण खरं सांगायचं तर तेवीस वर्षं मी रस्त्यात राहिले. साडी बदलायची तर कपाटाचं दार उघडून त्याच्या आड उभं राहायचं. ताप आला तर शेतावरचा गडी, शेजारीण, दूधवाला, जो कोणी आत जाईल तो पायथ्याशी थांबून "काय झालं मॅडमले?" असं विचारणार आणि उत्तर न ऐकता पुढे जाणार.

मॅडम म्हणजे मी. दिग्रसपासून थोड्या अंतरावरच्या आमच्या गावाशेजारी जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथे मी शिकवते. पोरांच्या वह्या घरी आणून तपासाव्या लागतात. टेबल ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी त्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ठेवून तपासल्या. एकदा चौथीतल्या एका पोट्टीने वही नाकाशी धरून विचारलं, "मॅडम, काल तुमच्या घरी मेथी होती काय?" सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं.

तर दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मधली भिंत फुगली आणि गावाच्या टोकाला असलेल्या आमच्याच मोकळ्या प्लॉटवर नवं घर बांधायचं ठरलं. पहिल्या दिवशीच मी सांगितलं, मला दहा बाय दहाची एक खोली पाहिजे. तिला एकच दार पाहिजे. आणि त्या दाराला आतून कडी पाहिजे.

नवरा म्हणाला, "आतून कडी कायले पायजे?"

"लावायले," मी म्हणाले.

त्याच्या डोक्यात ते शिरेना. माणूस वाईट नाही. पण तो वर्षातले आठ महिने ओसरीत झोपतो आणि उरलेले चार महिने शेतात जागलीला असतो. दार ही वस्तू त्याच्या आयुष्यात फक्त जनावरांच्या गोठ्याला होती.

मग सुरू झाली घर किती मोठं पाहिजे याची चर्चा, आणि त्या चर्चेने मला जितका वैताग दिला तितका वर्गातल्या पोरांनी वीस वर्षांत दिला नाही. घरात राहणारी माणसं चार. सासू, सासरे, नवरा आणि मी. मुलगी नागपूरला होस्टेलमध्ये, ती सुट्टीत येते. चार माणसांचं घर किती मोठं लागतं, हा काही चौथीच्या गणिताहून अवघड प्रश्न नाही. पण आमच्या घरात तो प्रश्न माणसांवरून कुणी मोजतच नव्हतं.

मामाजी मोजायचे क्विंटलमध्ये. हॉलच्या रेघेवर उभे राहून त्यांनी मिस्त्रीला पहिला प्रश्न विचारला तो हा, "याच्यात किती मावते?" मिस्त्री आमच्याच भागातला. त्याने डोळ्याची पापणीही न हलवता चौदा बाय वीसचा अंदाज घेतला, वर छताकडे, म्हणजे आभाळाकडे, पाहिलं आणि म्हणाला, "दाबून भरला त ऐंशी." ऐंशी म्हणजे ऐंशी क्विंटल कापूस. आमच्या भागात वेचलेला कापूस घरी येतो आणि मनासारखा भाव येईपर्यंत घरातच राहतो. आणि घरात म्हणजे गोदामात नव्हे, बैठकीत. गावातल्या कित्येक घरांत दिवाळीनंतर पाहुणा आला तर त्याला दारातच खुर्ची देतात, कारण आत बसायच्या जागी छतापर्यंत कापूस असतो. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. मी स्वतः माहेरी लहानपणी कापसाच्या ढिगावर उड्या मारून तो तुडवलेला आहे. पण नवीन घर बांधताना, सिमेंटचं, स्लॅबचं, टाइल्सचं घर बांधताना तरी मागे एक टिनाचं शेड काढा आणि तिथे भरा, असं मी म्हटलं तेव्हा सासरे असे दचकले जणू मी त्यांनाच शेडमध्ये राहायला सांगितलं होतं. "कापूस बाहीर? लक्ष्मी हाय थे. अन् चोरी गेला त? अन् पानी लागलं त?"

नवऱ्याचं माप वेगळं. तो पाहुण्यांवरून मोजायचा. तेराव्याला, बारशाला, साखरपुड्याला पंगत बसली तर ओसरीत एका वेळी किती ताटं बसतील, हे त्याने पावलं टाकून मोजलं. चाळीस बसत होती. त्याला पन्नास पाहिजे होती. "मागच्या तीन वर्षांत आपल्याकडं एक तरी पंगत झाली काय?" मी विचारलं. "घर लहान होतं म्हणून नाई झाली," तो म्हणाला.

आणि सगळ्यांत आधी पक्की झाली ती धाकट्याची खोली. धाकटा म्हणजे माझा दीर. तो पुण्याला कंपनीत आहे, तिथे त्याचा स्वतःचा फ्लॅट आहे, बायको आहे, दोन पोरं आहेत. तो वर्षातून चार दिवस येतो. त्याची खोली बारा बाय चौदा, कोपऱ्यावरची, दोन बाजूंनी खिडक्या, आत बाथरूम, बाथरूममध्ये बसायचा संडास, कारण पुण्याच्या पोरांना दुसरा चालत नाही. या खोलीबद्दल कुणी वाद घातला नाही. मामाजी म्हणाले, "त्याचा हिस्सा हाय." म्हणजे जो तिथे राहणार नव्हता त्याची खोली सगळ्यांत मोठी, आणि जी रोज राहणार होती तिची खोली सगळ्यांच्या मधोमध. मधोमध असल्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

तो पुढच्या तीन दिवसांत कळला. पाया खोदायचं मशीन यायला तीन दिवस लागले आणि त्या तीन दिवसांत आमच्या घरातला प्रत्येक माणूस एकटा एकटा प्लॉटवर जाऊन आला. मामाजींनी हॉल दीड फूट वाढवला, त्याला लागून असलेली आपली खोली अर्धा फूट. नवऱ्याने ओसरी आत ढकलली. गावातले दोन शहाणे येऊन जिना आतून घ्या म्हणून सांगून गेले, तर जिन्यासाठीही कुणीतरी राखेने रेघ ओढली. बाहेरच्या बाजूंना कुणी सरकू शकत नव्हतं, तिकडे शेजाऱ्याची हद्द. सगळे आत सरकले. मिस्त्री चौथ्या दिवशी टेप घेऊन आला आणि त्याने मला शाळेत फोन केला. बिचाऱ्याचा आवाज अवघडलेला होता. "मॅडम, तुमची खोली सात बाय सहा झाली जी. थे त न्हानी बी नोय."

मी हेडमास्तरांकडे सी.एल.चा अर्ज टाकला, घरी आले, प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि प्लॉटवर जाऊन माझ्या चौकोनात बसले. ऑक्टोबरचं ऊन. डोक्यावर पदर. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबून विचारायचा, "मॅडम, उन्हात काहून बसल्या?"

"माह्या खोलीत बसून राह्यली," मी सांगायचे.

दुपारी एक वाजेपर्यंत सगळ्या गावाला कळलं. नवरा धावत आला. "लोकं हासून राह्यले ना."

"हासू द्या. पहिले रेघ मागं घ्या."

सासू तीन विटांवर चूल मांडून मजुरांसाठी चहा करत होती. तिने मला एक कप आणून दिला आणि परत चुलीपाशी गेली. शेवटी मामाजी आले. त्यांनी मला बघितलं, मिस्त्रीला बघितलं, आणि मी उठल्याशिवाय मशीन लागणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं. मशीनचा ड्रायव्हर तासावर पैसे घेतो. तडजोड झाली, नऊ बाय आठ. एक दार, एक खिडकी. मी तेवढ्यावर उठले, कारण नऊ बाय आठमध्ये एक पलंग, एक टेबल आणि मी मावत होतो, आणि कडीला जागा किती लागते.

ती कडी मी स्वतः दिग्रसहून आणली. हार्डवेअरच्या दुकानदाराने आधी घराबाहेरून लावायच्या दाखवल्या, मोठमोठ्या. मी म्हटलं, आतून लावायची दाखवा. त्याने बाथरूमच्या दाखवल्या. मी म्हटलं, खोलीची. मग कुठे त्याने खालच्या खणातून एक जाड स्टीलची कडी काढली. सुताराने ती बसवली तेव्हा मी समोर उभी राहून दहा वेळा लावून उघडून पाहिली.

मे महिन्यात आम्ही नव्या घरात आलो. जून ते नोव्हेंबर, हे सहा महिने मला त्या खोलीत मिळाले. तिथे मी काय करायचे, असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. शाळेतून यायचे, हातपाय धुवायचे, आत जाऊन कडी लावायचे आणि पलंगावर बसायचे. अर्धा तास. कधी वह्या तपासायचे, कधी नुसती भिंतीकडे बघायचे. भिंतीवर काही नव्हतं. तेवीस वर्षं माझ्याकडे सतत कुणीतरी बघत होतं, ते थांबलं होतं, आणि त्या अर्ध्या तासाने मी इतकी हलकी व्हायचे की संध्याकाळचा स्वयंपाक करताना मला गाणं गुणगुणावंसं वाटायचं.

अर्थात घराला ते पचलं नाही. दर दहा मिनिटांनी दार वाजायचं. नवरा विचारायचा, "आत काय करून राह्यली?" मामाजी बाहेरून मोठ्याने म्हणायचे, "सूनबाईची तब्येत बरी नाई काय?" एकदा शेजारीण येऊन सासूला हळूच विचारून गेली, घरात काही भांडण झालंय का. कडी लावून बसलेली बाई म्हणजे एकतर आजारी, नाहीतर रुसलेली. तिसरं कारण कुणाला सुचत नव्हतं. पण मी सगळ्यांना उत्तर द्यायचे, आतूनच, आणि कडी काढायचे नाही.

दसऱ्यानंतर कापूस यायला लागला.

पहिले पंधरा दिवस हॉलच्या एका कोपऱ्यात. मग सोफ्यापर्यंत. मग सोफा उचलून ओसरीत गेला. मामाजी रोज मोबाइलवर भाव ऐकायचे आणि रोज म्हणायचे, "अजून थांबू." टीव्ही कापसामागे गेला तेव्हा बातम्या बंद झाल्या. देवघर स्वयंपाकघरात आलं, कारण हॉलमध्ये उदबत्तीसुद्धा पेटवायची सोय राहिली नाही. ओसरीच्या दिव्याचं बटण हॉलमधल्या बोर्डावर, आणि बोर्ड ढिगामागे. भरताना ते चालूच राहून गेलं. दोन महिने आमच्या ओसरीचा दिवा दिवसरात्र जळत होता आणि मामाजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की नव्या घरात उजेड पाहिजे. घरभर बारीक तंतू उडायचे, चहात पडायचे, अंगाला खाज सुटायची. मी नारळाचं तेल लावून शाळेत जायचे. हे सगळं मी सहन केलं, कारण माझ्या खोलीचं दार बंद होत होतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी शाळेतून आले तर माझा पलंग ओसरीत उभा होता. टेबल स्वयंपाकघरात, वह्या पिठाच्या डब्यावर. खोलीत छतापर्यंत कापूस. तो बाहेर सांडू नये म्हणून दाराचं पल्लं बिजागरीतून काढून टाकलं होतं आणि चौकटीला आडव्या फळ्या ठोकल्या होत्या. पल्लं ओसरीच्या भिंतीला टेकून उभं, त्याच्यावर माझी कडी तशीच चकचकीत.

"दोनच महिने, सूनबाई," मामाजी म्हणाले. "हॉल भरला. कुठी ठेवू सांग?"

"धाकट्या भावजींच्या खोलीत ठेवा."

"थो आला त कुठी झोपन?"

"ते वर्षातून चार दिवस येतात, मामाजी."

"म्हनूनच त. चार दिवसाच्या मानसाले तरी नीट जागा पायजे."

"अन् मी? मी रोज राह्यते, मले नको?"

"तू त घरचीच हाय," ते म्हणाले, आणि ते अगदी प्रेमाने म्हणाले. तोच तर संताप. ओरडून बोलले असते तर मलाही ओरडता आलं असतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो फळीला खिळा ठोकत होता आणि माझ्याकडे बघायचं टाळत होता. खिळा ठोकून झाला तरी ठोकतच राहिला.

धाकट्याच्या खोलीला कुलूप होतं. किल्ली सासूच्या कमरेला. खोलीत नवी गादी, तिच्यावरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं, पोरांसाठी म्हणून. सासू दर शनिवारी कुलूप उघडून झाडून काढायची आणि परत लावायची. आणि मी स्वयंपाकघरात जमिनीवर अंथरूण टाकलं, सासूच्या अंथरुणाशेजारी.

नाताळच्या सुट्ट्यांत दीर आला. गाडीतून उतरताच पोरांनी हॉलचा कापूस पाहिला आणि वेड्यासारखी आनंदली. तासभर त्याच्यात लोळली. मामाजी कौतुकाने बघत होते, की पुण्याची झाली तरी रक्त आपलंच. जेवायच्या वेळेपर्यंत दोन्ही पोरांच्या अंगावर लाल चट्टे उठले. धाकटं खाजवून खाजवून रडायला लागलं. तेल लावलं, आंघोळ घातली, काही उपयोग नाही. जावेचं माहेर पुसदला. चार वाजता त्यांनी बॅगा परत गाडीत टाकल्या. "दोन दिवस तिकडं राहून परत येतो," दीर म्हणाला, आणि तो परत येणार नाही हे सगळ्यांना कळलं.

मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेले. राग इतका साचला होता की मी सरळ म्हटलं, "भावजी, एवढी खोली मागून घेतली, एक दिवस तरी राहायचं होतं."

तो थबकला. "वहिनी, मी कधी मागितली खोली? बाबांचा फोन आला होता, बाथरूम आत पाहिजे का बाहेर. मी म्हटलं, आत. मला वाटलं तुमच्याच खोलीचं विचारतायत."

गाडी गेली. मी रस्त्यातच उभी राहिले. वर्षभर आम्ही भांडलो, मी उन्हात खुर्ची टाकून बसले, गावाला हसू दिलं, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्याला माहीतच नव्हतं. मला त्याचा राग येईना, मामाजींचाही येईना. राग कुणाचा करायचा हेच कळेना, त्याने आणखी चिडचिड झाली.

मामाजी कापसाचा भाव विचारायला जिनिंगच्या कारखान्यावर गेले होते. नवरा शेतात. मी घरात आले, स्वयंपाकघरात गेले आणि सासूला म्हटलं, "आई, किल्ली द्या."

मला वाटलं होतं ती विचारेल, कायले. ती तूर निवडत होती. तिने कमरेची किल्ली सोडली आणि माझ्या हातावर ठेवली. मग परत तूर निवडू लागली.

मी कुलूप काढलं, आत गेले, दार लावलं आणि कडीसाठी हात वर नेला. कडी नव्हती. दारावर हात फिरवत मी खालपर्यंत पाहिलं. बाहेरून जाड कडीकोयंडा, आतून काहीच नाही, नुसतं पॉलिश. सुताराला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या खोलीला कुलूप लागणार हे घरातल्या सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, आत कुणी राहील असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी त्या रिकाम्या खोलीत एकटी मोठ्याने हसले आणि मग मला रडू आलं.

नवऱ्याच्या फवारणीच्या पंपाच्या पेटीत पेचकस असतो. तो घेतला, ओसरीत टेकवलेल्या माझ्या पल्ल्यावरची कडी सोडवली, फळ्यांमधून हात घालून चौकटीवरचा कोयंडा सोडवला. आयुष्यात मी कधी स्क्रू बसवला नव्हता. पहिले दोन वाकडे गेले. तिसऱ्याला हाताला फोड आला. पाऊण तासाने कडी लागली, जरा तिरपी, पण लागली. मी वह्यांची थप्पी आणून गादीवर ठेवली. एवढ्यात दारात सासू येऊन उभी राहिली. तिच्या काखेत तिची गोधडी आणि उशी होती.

"लागते काय?" तिने विचारलं.

"लागते."

"लावून दाखव."

ती आत आली तेव्हा मी कडी लावली. ती गादीच्या कडेवर बसली, प्लास्टिक कुरकुरलं. तिचे डोळे कडीवर होते. खरं लिहायचं तर त्या वेळी मला ती तिथे नको होती. मला एकटीला बसायचं होतं, त्यासाठीच तर एवढा आटापिटा केला होता. मी वहीत डोकं घालून म्हटलं, "आई, तुम्हाले त खोली हाय की, मामाजींची."

"थे त्यायची हाय," ती म्हणाली. "त्यायचा रेडिओ, त्यायचं खोकनं, त्यायचे बसाले येनारे मानसं. मी तथी कधी झोपली? ह्या घरात बी चुलीपाशी अन् त्या घरात बी चुलीपाशी."

मी वर पाहिलं. तीन आठवडे मी तिच्या शेजारी जमिनीवर झोपत होते आणि रोज माझ्या खोलीसाठी कुढत होते. ती तिथे का झोपते हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. स्वयंपाकघर ही तिचीच जागा, असं मी धरून चालले होते. मामाजींनी कापसाला धरलं, नवऱ्याने पंगतीला, सगळ्यांनी मिळून पुण्याच्या माणसाला, आणि मी मला. चार माणसांचं घर म्हणून मी प्रत्येकाशी भांडले, पण भांडताना मीही तिघांचंच मोजत होते.

"बावन्न वर्सं झाले," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "त्यायनं मले नाई इचारलं, त्याचं काई नाई. त्यायनं कधीच नाई इचारलं. पन तुले त ठाव होतं ना वं, कडी नसली त कसं वाटते थे. तू त इचाराचं होतं मले."

बाहेर ओसरीत मामाजींच्या चपला वाजल्या, मग दारावर थाप पडली आणि त्यांनी विचारलं, आत कोण आहे. सासू उठली नाही. मीही उठले नाही. मी वह्या खाली ठेवल्या आणि तिच्या गोधडीला जागा करून दिली.